घर कुणाच्या नावावर

कर्वेनगर, पुणे
१२ जानेवारी २०२६

चि. आम्रपाली,
जयभीम.

फोनवर आपण दोघी 'जेवलीस का' आणि 'उकडतंय का'च्या पुढे सरकत नाही, म्हणून ही मेल. शिवाय फोनवर मी चिडले की तू गप्प बसतेस, आणि तू गप्प बसलीस की मी आणखी चिडते. लिहिताना निदान खोडता येतं.

माझा जुना कॉम्प्युटर शेवटी गेला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि 'काकू, ह्याला आता नमस्कार करा' एवढंच म्हणाला. तेव्हा तुझ्या बाबांच्या मशीनवर बसते आहे. मागे दिवाळीत येऊन तू त्यांना लिनक्स बसवून दिलं होतंस, तेच. ते गेल्यापासून त्यावरचं कापड मी काढलं नव्हतं. आज काढलं. खालच्या मजल्यावरची नीरजा येऊन, तू तेव्हाच करून ठेवलेलं माझ्या नावाचं खातं उघडून गेली. ती कॉलेजला शिकवायला पळाली, आणि तेव्हापासून मी आणि हे यंत्र एकमेकांकडे बघत बसलो आहोत.

मला हवंय काय, तर टायपिंगचं एक सॉफ्टवेअर. पूर्वा म्हणून एक मुलगी आहे, तिचा पीएचडीचा प्रबंध माझ्याकडे टायपिंगला आणि तपासायला आहे. तिला लवकरच विद्यापीठात द्यायचाय, त्यामुळे ती रोज दारात उभी. साधं काम. पण हे विचारतं, पॅकेज हवं का? मला पॅकेज नको, सॉफ्टवेअर हवंय. मग म्हणतं, रिपॉझिटरी सापडत नाही. मग म्हणतं, डिपेंडन्सी तुटली आहे. कुणाची? एकदा तर म्हणालं, तुम्ही रूट नाही. नसेन! अ‍ॅप, पॅकेज, प्रोग्रॅम, सॉफ्टवेअर ही चार वेगळी माणसं आहेत की एकाच माणसाची चार नावं? प्रूफं तपासण्यात माझं आयुष्य गेलं. एका वस्तूला एकाच पानावर चार नावं दिसली की मी लाल पेनाने गोल करून समासात 'एक काय ते ठरवा' असं लिहायची. इथे समास नाही.

तर मला सगळं मराठीत समजावून सांग. शब्दसुद्धा मराठीच हवेत. परीक्षा समज.

श्यामभाऊजी येऊन गेले. चहा घेतला नाही. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच आले, तर हॉलची लांबी पावलांनी मोजली, बाल्कनीचा दरवाजा उघडून-मिटून पाहिला, 'आमूशी बोलणं चालू आहे' म्हणाले आणि गेले. तुझं माझ्याशी बोलणं चालू नसतं, म्हणून कळवते.

तुझी
हिरामावशी


तिरुवनंतपुरम
१३ जानेवारी

प्रिय हिरामावशी,
जयभीम.

हसले खूप. इथे आम्ही शाळाशाळांत लिनक्स बसवतो, तेव्हा मास्तर लोक अगदी ह्याच शब्दांवर अडतात आणि अगदी तुझ्यासारखेच चिडतात. त्यांच्यासाठी आम्ही मल्याळममध्ये शब्द केले. आता तुझ्यासाठी मराठीत करते. परीक्षेला बसले.

पॅकेज म्हणजे गाठोडं. प्रोग्रॅम चालायला जे जे लागतं ते सगळं एकत्र बांधलेलं. अशी गाठोडी तपासून, शिक्का मारून जिथे ठेवतात ते कोठार, म्हणजे तुझी रिपॉझिटरी. रस्त्यावरून काही उचलायचं नाही, कोठारातूनच मागवायचं. आता एखादं गाठोडं एकटं चालत नाही, त्याला दुसऱ्या दोन-चारांची सोबत लागते. ते सोबती त्याच्या मागोमाग आपोआप येतात. एखादा सोबती सापडला नाही की 'डिपेंडन्सी तुटली' म्हणून ओरडतं. तुझं काही तुटलेलं नाही.

रूट म्हणजे मूळ मालक. मशीनवर वाटेल ते करायची मुभा फक्त त्याला. बाबांना मशीन लावून देताना ती मी माझ्याकडे ठेवली, म्हणजे इथे बसून दुरुस्त्या करता येतात. आणि मशीन वापरणाऱ्या प्रत्येकाची आपापली जागा असते, कागद, फोटो, काय ते ठेवायला. तिला होम म्हणतात, आपण सरळ घर म्हणू. बाबांचं घर वेगळं, तुझं वेगळं, मशीन एकच. बाकी अ‍ॅप, प्रोग्रॅम, सॉफ्टवेअर ही एकाच माणसाची नावं. हाक मारणारे वेगळे, इतकंच.

तुझं टायपिंगचं गाठोडं मी इथून बसवून दिलं आहे, सोबत्यांसकट. बघ चालतंय का. किती मार्क?

आमू


कर्वेनगर
१७ जानेवारी

चि. आम्रपाली,
जयभीम.

चालतंय. पूर्वाची दोन प्रकरणं झाली. 'सोबती' फार चांगला शब्द आहे, पूर्ण मार्क. 'गाठोडं' मला मान्य नाही, गाठोडं म्हटलं की धोबी आठवतो. पण राहू दे. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती, त्याचं श्रेय मी घेते. तुझ्या बाबांकडून ते तुला मिळालेलं नाही.

आता तक्रारी. तुझ्या बाबांनी जमवलेले मराठी फॉन्ट मला हवे आहेत, ते त्यांच्या त्या घरात आहेत. 'रतन' अशी पाटी दिसते. उघडायला गेले की 'परवानगी नाही'. माझ्याच नवऱ्याच्या घरात मला परवानगी नाही, हे यंत्राने मला सांगावं! शिवाय जागा संपत आली म्हणतं. आणि काहीही बसवायला गेलं की खाली एक ओळ येते, तिचं मी तुझ्या शब्दांत भाषांतर केलं: 'ही गाठोडी आपोआप आली होती, आता त्यांची गरज नाही.' ही ओळ जरा सभ्यपणे लिहिता आली असती.

सध्या कशात चित्त लागत नाही. भाजी चिरायला घेते आणि अर्धी टाकून बाल्कनीत जाते. बाल्कनीत गेल्यावर तिथे कशाला आले ते आठवत नाही. जिन्यात पावलं वाजली की कोण आलं म्हणून दाराशी जाऊन उभी राहते, आणि ती वरच्या मजल्यावर निघून जातात.

शेवटचं. घराचं काय करायचं ठरवलं आहेस, ते एकदा स्पष्ट लिही. आवडलं नाही तरी ऐकून घेईन. पण टांगून ठेवू नकोस.

हिरामावशी


२० जानेवारी
(बसमधून, मोबाइलवर)

मावशी,

स्पष्टच लिहिते, आणि तुझ्याच अटीप्रमाणे मराठीत. घर अजून बाबांच्या नावावर आहे, म्हणून तुला परवानगी नाही. त्याची मालकी बदलावी लागेल. मूळ मालक मी असल्यामुळे ते मलाच करावं लागेल, तुला काही करता येणार नाही. रविवारी दुपारी मोकळी आहे, तेव्हा उरकून टाकते. त्याआधी तुझं जे काही असेल ते दुसरीकडे हलवून ठेव, म्हणजे नंतर गोंधळ नको. जागा अशीही कमीच आहे.

आणि ती ओळ. जे आपोआप आलं होतं आणि ज्याची आता गरज नाही, ते काढूनच टाकायचं असतं. रीतच आहे ती. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

स्टॉप आला. पळते.

आमू


२५ जानेवारी

प्रिय मावशी,

दुपारभर वाट बघते आहे. मशीन बंद दिसतंय. वीज गेली आहे का? चालू केलंस की कळव, माझं काम थोडक्यात आटपेल.

आमू


२६ जानेवारी

मावशी,

तुझा फोन बंद. घरचा लँडलाइन नुसता वाजतो. शेवटी नीरजाला फोन केला, तर ती म्हणते, तू किल्ल्या तिच्याकडे दिल्यास आणि मोठी बॅग घेऊन लोणी काळभोरला भावाकडे गेलीस. 'आमू आली की तिला दे' म्हणालीस. मी कुठे येते आहे? दादामामांना बरं नाही का? मग मला सांगितलं का नाहीस?

सुट्टी असून कामासाठी ऑफिसात आले, तर सकाळपासून तीनदा खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन आले. लोक विचारतात काय झालं, आणि मला सांगता येत नाही, कारण मलाच माहीत नाही. तुझी मेल पुन्हा वाचली, माझी पुन्हा वाचली. काही कळत नाही. एक ओळ लिही.

आमू


लोणी काळभोर
२७ जानेवारी

आयु. आम्रपाली रतन यांस,
जयभीम.

दादाच्या सुनेच्या फोनवरून लिहीत आहे. दादाची तब्येत उत्तम आहे.

तुझ्या सूचनेप्रमाणे माझं जे काही होतं ते दुसरीकडे हलवलं आहे. फार नव्हतं. कपडे, शब्दकोश आणि पूर्वाचा प्रबंध. तुझ्या आईची भांडी फडताळात जागच्या जागी आहेत. बुद्धमूर्ती आणि तुझ्या बाबांचा फोटो तिथेच आहेत, त्यांना हलवण्याचा अधिकार मला वाटला नाही. रविवारी दुपारपर्यंत थांबवलं नाही, म्हणून शुक्रवारीच निघाले. तू समोर आली असतीस तर मला चहा करावासा वाटला असता, आणि तो कुणाच्या घरात करते आहे हे कळलं नसतं.

श्यामभाऊजींना कळवलं. त्यांना आनंद लपवता आला नाही. माझ्या हिश्शाचं, तुझ्या नावे, हक्कसोडपत्र त्यांच्या वकिलाने तयार ठेवलंच होतं. गुरुवारी सकाळी नोंदणी कार्यालयात सही करायची आहे. मालकी बदलावी लागेल म्हणालीस, ती अशी बदलते.

दादा म्हणतो, 'बाई, ह्ये बी तुझंच घर हाय.' आहे. लग्नाआधी होतं तसंच आहे. दादाची नातवंडं मला 'पुण्याची आजी' म्हणतात, आणि पुण्याला कधी जाणार ते विचारतात.

फक्त तुझ्या एका वाक्याचं प्रूफ तपासून पाठवते, सवय जात नाही म्हणून. 'जे आपोआप आलं होतं' असं तू लिहिलं आहेस. चूक. मी आपोआप आले नव्हते. तेव्हा तुम्ही मार्केट यार्डाच्या मागे एका खोलीत राहायचात. तुझी आई जाऊन वर्ष झालं होतं. तुझ्या बाबांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, आधी मुलीला विचारते, मग तुम्हाला उत्तर देते. तू पलंगाखाली लपून बसली होतीस. मी खाली वाकून विचारलं, मी इथे राहायला आले तर चालेल का? तू म्हणालीस, 'झोपशील कुठे? जागा नाही.' मी म्हटलं, तुझ्या शेजारी. मग सरकून जागा केलीस, पलंगाखालीच. साडीसकट मी आत शिरले. तुझे बाबा बाहेर उभे राहून आमचे पाय बघत होते.

मला त्या दिवशी तू घरात घेतलंस. म्हणून तू 'आता गरज नाही' म्हणालीस तेव्हा मी वाद घातला नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर घातला असता. वाईट वाटून घेऊ नकोस असं लिहिलं आहेस. ते मात्र जमत नाही.

हिरा


तिरुवनंतपुरम
२७ जानेवारी

मावशी,

सही करू नकोस. आधी हे, मग बाकी सगळं. सही करू नकोस.

तुझा फोन अजूनही बंद आहे. ज्या नंबरवरून लिहिलंस तो लागत नाही. म्हणून नीरजाला सांगितलं आहे, ती हे पत्र छापून उद्या सकाळी लोणीला आणून तुझ्या हातात देईल. मी विमानाचं तिकीट काढलं आहे, पण ते शुक्रवारचं मिळालं आणि सही गुरुवारी आहे. तुझं पत्र वाचल्यापासून मला एका जागी बसवत नाही. नुसती ह्या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे.

अगं, घर म्हणजे ते घर नाही! मशीनवरचं. होम. बाबांच्या नावाचा फोल्डर. तुला फॉन्ट हवे होते, फोल्डर त्यांच्या नावावर होता म्हणून उघडत नव्हता. त्याची मालकी तुझ्या नावावर करून देणार होते, तुझ्या! 'मूळ मालक' म्हणजे रूट, मी नव्हे. म्हणजे मीच, पण त्या यंत्राची. 'तुझं जे काही असेल ते हलव' म्हणजे पूर्वाचा प्रबंध पेनड्राइव्हवर घे, मधे काही उडालं तर हातात असावा म्हणून. आणि जे आपोआप आलं होतं ते जुने फालतू सोबती गं, कुठल्यातरी कधीच्या प्रोग्रॅमबरोबर आलेले, जागा अडवून बसलेले. 'घराचं काय ठरवलंस ते स्पष्ट लिही' असं तू विचारलंस, तर मला वाटलं तू त्या फोल्डरबद्दलच विचारते आहेस. त्याच पत्रात आधी तेच लिहिलं होतंस. होम म्हटलं असतं तर हे काहीच झालं नसतं. तू मराठी शब्द मागितलेस आणि मी इतका चांगला शब्द शोधला की त्यात तू राहत होतीस.

हे वर लिहिलं आणि मला वाटलं, झालं, सुटलं. मग तुझी पहिली मेल पुन्हा वाचली. श्यामकाकांनी हॉल मोजल्याचं तू लिहिलं होतंस. त्यावर मी एक अक्षर उत्तर दिलं नव्हतं. तू विसरली नसशील, म्हणून सांगून टाकते.

काकांनी डिसेंबरात मला लिहिलं होतं. फ्लॅट त्यांनाच विकावा, हिरावहिनींची सोय लोणीला होईल, तुला तिकडे जागा घेता येईल, असं. मी त्यांना 'विचार करून सांगते' असं कळवलं. नाही म्हटलं नाही. खरंच विचार केला मी. इथे मी भाड्याच्या जागांत राहून कंटाळले आहे. बाबा नाहीत तर त्या घरात माझं काय उरलंय, असं एके दिवशी मनात आलं, आणि तू तिथे आहेस हे त्या वेळी माझ्या मनात आलंसुद्धा नाही. तुला सांगायची लाज वाटली म्हणून ती ओळ मी वाचलीच नाही असं केलं.

आत्ता काकांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. ते रागावले. रागावू देत. घर तुझंच आहे मावशी. तू म्हणशील त्या कागदावर मी सही करते. तू मात्र करू नकोस.

पलंगाखालचं मला आठवत नव्हतं. तुझे पाय गार होते, एवढंच आठवतं. ते कधीचं आहे हे आज कळलं.

आमू


लोणी काळभोर
२८ जानेवारी

चि. आमू,
जयभीम.

नीरजा येऊन पत्र देऊन गेली. तिला रिकाम्या पोटी जाऊ दिलं नाही. हे मी कागदावर लिहून तिच्याबरोबर देते आहे, ती फोटो काढून तुला पाठवेल.

तुझा फोल्डरचा खुलासा वाचला आणि मी हसले, असं लिहिणार होते. खोटं कशाला लिहू, रडले. वहिनी हातातलं काम टाकून धावत आली. दादाला सगळं समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, 'म्हंजी त्या डबड्यातल्या घरापायी तू खरं घर सोडून आलीस? लई शिकल्यावर असंच व्हतंय.' मग मात्र खरोखर हसले. कितीतरी दिवसांनी पोट दुखेपर्यंत.

शब्दांचा घोळ होता तो मिटला. त्यात निम्मी चूक माझी. एका शब्दाचे दोन अर्थ होत असतील तर तो शब्द बदला, असं मी आजवर शेकडो लेखकांच्या समासात लिहिलं आहे, आणि स्वतःच्या वेळी दिसलं नाही.

पण 'विचार करून सांगते' ह्यात घोळ नव्हता. ते मराठीत होतं, त्याला एकच अर्थ होता, आणि तो मला श्यामभाऊजींच्या पावलांत ऐकू आला होता. कारण चुकीचं सापडलं म्हणून भीती खोटी ठरत नाही. तू ते आपणहून लिहिलंस, लपवलं असतंस तरी मला कळलं नसतं. त्यामुळे राग आहे, पण तुझ्याशी बोलता येण्याइतकाच आहे. भेटलीस की रागावेन. त्या वेळी गप्प बसायचं नाही, उलट बोलायचं.

सही मी करणार नाही. मात्र एक नीट समजून घे. तू नको म्हणालीस म्हणून नव्हे. मला त्या घरात राहायचं आहे, म्हणून. आमू, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे. लोणीत होते तेव्हा वडील ठेवतील तिथे होते. मग तुम्ही दोघांनी जागा दिलीत, तिथे आले. तुझे बाबा गेल्यावर तू काय ठरवतेस त्याची वाट बघत बसले, आणि तू बसमधून दोन ओळी लिहिल्यास तर बॅग भरून चालू पडले. मला काय हवंय हे मला कुणी विचारलं नाही म्हणून मी दुखावले होते. काल रात्रीपर्यंत मी ते स्वतःलाही विचारलं नव्हतं. विचारलं, आणि उत्तर यायला वेळ लागला नाही.

'घर तुझंच आहे' असं तू उदारपणे लिहिलं आहेस, ते मी खोडते. निम्मं तुझं आहे, ते तुझ्याकडेच ठेव, उद्या तुलाही लागेल. निम्मं माझं आहे. ते तू मला दिलेलं नाहीस, ते आहेच. त्यात मी राहणार आहे, कॉट खिडकीजवळ घेणार आहे, आणि हॉलमध्ये टेबल टाकून चार प्रबंध एकदम पसरणार आहे. श्यामभाऊजींना आता पावलं टाकायला जागा उरणार नाही.

दुपारी जेवणं झाली की दादा मला गाडीने कर्वेनगरला सोडतो आहे. वहिनी शेंगा आणि वांगी बांधून देते आहे, नको म्हटलं तरी ऐकत नाही. उद्या सकाळी नोंदणी कार्यालयात माझी वाट बघतील. बघोत.

तू शुक्रवारी ये. मी घरी आहे.

हिरामावशी